निवासी संस्थेतला कलेचा वर्ग वर्तनाच्या गुणांवर बंद करावा का?

प्रश्न: रंगपेटी (नौपाडा, ठाणे)

नमस्कार. ठाणे जिल्ह्यात, शहरापासून थोड्या अंतरावर असलेल्या मुलग्यांच्या एका निवासी संस्थेत मी चित्रकला आणि हस्तकला शिकवते. मुले तेरा ते सतरा वर्षांची आहेत. शाळा अर्ध्यावर सुटलेली, घरातून वारंवार पळून गेलेली, मारामाऱ्यांत किंवा नशेच्या पदार्थांत अडकलेली, काही तर परत जाण्यासारखे घरच नसलेली, अशी ही मुले बालकल्याण समितीच्या आदेशाने येथे राहतात आणि आवारातल्याच शाळेत शिकतात. कलेचा वर्ग आठवड्यातून दोनदा असतो.

संस्थेत वर्तनाचे गुण देण्याची पद्धत आहे. वेळेवर उठणे, अंथरूण आवरणे, भांडण न करणे, काळजीवाहकांना उलट उत्तर न देणे यांचे गुण रोजच्या रोज मांडले जातात आणि आठवड्याअखेर ज्याची बेरीज ठरावीक मर्यादेच्या खाली जाते, त्याच्या सवलती पुढचा आठवडाभर बंद होतात. या सवलतींच्या यादीत टीव्ही, रविवारचा चित्रपट आणि कॅरम यांच्या बरोबरीने कलेचा वर्गही आहे. गणिताचा तास कोणाचाही बंद होत नाही, कारण तो अभ्यास मानला जातो. चित्रकलेचा तास मात्र मौजेत धरला गेला आहे.

याचा परिणाम असा होतो की हाताने काही घडवण्याची ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे असे मला वाटते, नेमकी तीच मुले वर्गाबाहेर राहतात. शाडूचे काम सुरू केलेला मुलगा पुढच्या आठवड्यात येतच नाही, माती वाळून तडकते, आणि तो परत येतो तेव्हा त्याला त्या वस्तूकडे बघवतही नाही. भिंतीवरच्या मोठ्या चित्रासाठी केलेला गट दर वेळी बदलतो. जी मुले नियमित येतात तीही आता चित्र काढता काढता “याचे किती गुण मिळतील?” असे विचारू लागली आहेत, आणि मला सर्वांत जास्त काळजी या प्रश्नाची वाटते.

अधीक्षक मुलांच्या हिताचाच विचार करणारे आहेत. त्यांचे म्हणणे असे, की कलेचा वर्ग मुलांना खरोखर आवडतो, म्हणूनच तो बंद होण्याची भीती उपयोगी पडते. या म्हणण्याला मी काय उत्तर द्यावे? याखेरीज आणखी दोन बाबतींत जाणकारांचे मत हवे आहे. वर्षअखेरीस देणगीदारांसाठी मुलांच्या कामाचे प्रदर्शन भरवून त्याची छायाचित्रे संस्थेच्या फेसबुक पानावर द्यावीत, असे चालले आहे. ते कितपत योग्य आहे? आणि “मला चित्र येत नाही” असे पहिल्याच दिवशी सांगून हात मागे घेणाऱ्या या वयाच्या मुलांबरोबर सुरुवात कशापासून करावी?

प्रतिसाद: समुपदेशक (वाशी)

ताई, अधीक्षकांशी बोलताना आधी कायद्याचा आधार घ्यावा, कारण तो त्यांच्याही कामाचा पाया आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ५३ मध्ये संस्थेने द्यावयाच्या पुनर्वसन सेवांची यादी आहे. तीत अन्न, निवारा, शिक्षण, कौशल्य विकास आणि समुपदेशन यांच्या जोडीने खेळ व सांस्कृतिक उपक्रमही येतात. ज्या यादीत जेवण आणि शाळा आहे, त्याच यादीत हे उपक्रम आहेत, ही गोष्ट त्यांच्या नजरेस आणून द्यावी. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचे कलम ३१ मुलाचा सांस्कृतिक जीवनात आणि कलांमध्ये सहभागी होण्याचा हक्क मान्य करते आणि भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली आहे. स्वातंत्र्य हिरावले गेलेल्या किशोरांसाठी संयुक्त राष्ट्रांनी १९९० मध्ये जे नियम केले, त्यांत तर मुलाची इच्छा असल्यास रोजच्या मोकळ्या वेळेचा काही भाग कला आणि हस्तकौशल्यासाठी द्यावा, असे म्हटले आहे. आपली संस्था बंदिस्त सुधारगृह नाही. बंदिस्त जागेतल्या मुलासाठीही जे अपेक्षित आहे, ते आपल्याकडे बक्षीस म्हणून का वाटले जावे, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

आता भीती उपयोगी पडते या म्हणण्याकडे वळू. ते अंशतः खरे आहे. ज्या मुलाला मिळालेली चांगली गोष्ट आपल्याकडे टिकेल असा भरवसा असतो, तो ती राखण्यासाठी स्वतःला आवरतो. परंतु अशा संस्थांत येणाऱ्या बऱ्याच मुलांना तो भरवसा कधी मिळालेलाच नसतो. शाळा, नातेवाईक, मित्र, आधीची एखादी संस्था, सगळेच हातचे सुटून गेलेले असते. अशा मुलाला एखादा वर्ग मनापासून आवडू लागला की त्याची अस्वस्थता वाढते, कारण हेही जाणार हे त्याने गृहीत धरलेले असते, आणि दुसऱ्या कोणी काढून घेण्यापेक्षा तो स्वतःच भांडण उकरून ते मोडून टाकतो. आपल्या वर्गात चांगले रमलेला मुलगा त्यानंतरच्याच एक-दोन दिवसांत वसतिगृहात गोंधळ घालतो, असे दिसते का, हे जुन्या नोंदी काढून अवश्य पडताळावे. तसे दिसले तर वर्ग बंद करून आपण त्याची जुनी समजूत पक्की करत आहोत, असा त्याचा अर्थ होतो.

एक फरक मात्र काटेकोरपणे पाळावा लागेल. वर्ग चालू असताना एखादा मुलगा दुसऱ्यावर धावून गेला किंवा हत्यार म्हणून काही उचलले, तर त्याला त्या वेळेपुरते बाहेर नेणे आवश्यकच आहे. ती सुरक्षिततेची बाब आहे आणि पुढच्या वर्गाला तो पुन्हा हजर असला पाहिजे. मंगळवारी जेवणाच्या रांगेत झालेल्या भांडणासाठी शुक्रवारचा वर्ग काढून घेणे ही वेगळी गोष्ट आहे, कारण त्या दोहोंचा एकमेकांशी काही संबंधच नाही.

प्रदर्शनाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. बाल न्याय अधिनियमाच्याच कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या किंवा विधिसंघर्षग्रस्त (गुन्ह्याचा आरोप असलेल्या) बालकाची ओळख उघड होईल असे नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र किंवा अन्य तपशील प्रसिद्ध करता येत नाहीत आणि उल्लंघनासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. चेहरा धूसर केला म्हणजे काम झाले, असे समजू नये. हातावरचे गोंदण, चित्रातली वस्तीची खूण, कोपऱ्यातली सही यांवरूनही ओळख पटते. फेसबुकचा विचार सोडून द्यावा, असेच मी सांगेन.

शेवटी एक सावधगिरीची गोष्ट. चित्रात काळा रंग फार आहे म्हणून मुलगा दुःखी आहे, घराला दार काढले नाही म्हणून अमुक घडले आहे, असले अर्थ कलाशिक्षकाने लावू नयेत आणि मुलाला त्यावरून खोदून विचारू नये. परंतु काम करता करता एखाद्या मुलाने आपल्यावर झालेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल स्वतःहून सांगितले, तर पोक्सो (लैंगिक अपराधांपासून बालकांच्या संरक्षणाच्या) कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. “कोणाला सांगणार नाही” असे वचन त्याला देऊ नये. काय ऐकले ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावे आणि चौकशी स्वतः करू नये.

प्रतिसाद: निवृत्त अधीक्षक (पाचपाखाडी, ठाणे)

वरील प्रतिसाद योग्यच आहे, परंतु त्यात काळजीवाहकाची बाजू आलेली नाही, ती मांडणे मला आवश्यक वाटते. रात्रपाळीला असलेल्या काळजीवाहकावर पुष्कळ मुलांची जबाबदारी असते. तो मुलांना हात लावू शकत नाही आणि लावूही नये. संस्थेत मुलाला मारहाण हा बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८२ खाली गुन्हा आहे. मग रात्री अकरा वाजता दोन मुले एकमेकांच्या अंगावर गेली, तर त्याच्याकडे स्वतःच्या आवाजाखेरीज काय असते? गुणांची वही असते. ती वही कलाशिक्षिकेने येऊन निरुपयोगी ठरवली, असे त्याला वाटले, तर तो तुमच्या वर्गाच्या विरोधात जाईल, आणि काळजीवाहक विरोधात असलेला कोणताही उपक्रम निवासी संस्थेत फार काळ टिकत नाही. मुले वेळेवर वर्गात पोहोचणार नाहीत, अंघोळीचा क्रम लांबेल, वर्गाची किल्ली सापडणार नाही.

म्हणून माझी सूचना अशी, की गुणपद्धतीवरच हल्ला करू नये. तिच्यातून फक्त कलेचा वर्ग बाहेर काढावा. टीव्ही आणि चित्रपट राहू द्यावेत. त्या बदल्यात काळजीवाहकांना वर्गात बोलवावे. राखण करण्यासाठी नव्हे, काम करण्यासाठी. त्यांच्यापैकी कोणी सुतारकी जाणतो, कोणी गणपतीची मखरे करतो, कोणी गावाकडे भजनात पखवाज वाजवतो. मुलांनी त्यांना एखादी गोष्ट चांगली करताना पाहिले की वसतिगृहातला संवादही बदलतो. माझ्या कारकिर्दीत मी हे होताना पाहिले आहे आणि म्हणूनच आग्रहाने सांगत आहे.

साहित्याच्या बाबतीत मात्र कडक राहावे. नशेच्या सवयीतून आलेल्या मुलांमध्ये हुंगण्याच्या पदार्थांची सवय सर्रास आढळते. त्यामुळे थिनर, टर्पेंटाइन, व्हाइटनर, चपला चिकटवायचे सोल्युशन आणि उग्र वासाचे मार्कर वर्गात अजिबात आणू नयेत. पोस्टर कलर, खडू, कोळसा, गेरू, पिठाची खळ आणि पाण्यात विरघळणारा डिंक यांवर सगळे काम होऊ शकते. कात्र्या व कोरणीसाठी भिंतीवर एक फळी लावावी, तिच्यावर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा रंगवावी आणि हत्यार त्या रेषेवरच टांगावे. वर्ग संपताना मोकळी रेषा दिसली की काय नाही ते क्षणात कळते, आणि मुलांचे खिसे तपासण्याची वेळ येत नाही. रोजची झडती मुलाच्या मनावर काय करते हे आपणास वेगळे सांगायला नको. कटरची पाती मात्र फळीवरही ठेवू नयेत.

प्रतिसाद: ऐरोलीचे पालक

माझा मुलगा अशा एका संस्थेत राहिलेला आहे. पालकांच्या बाजूने एवढेच सांगायचे आहे, की भेटीच्या दिवशी समोरासमोर बसल्यावर दोन्हीकडे शब्द नसतात. अभ्यासाबद्दल विचारावे तर तो मान खाली घालतो आणि वर्तनाबद्दल विचारावे तर भांडण होते. त्या दिवसांत तो तबला शिकत होता आणि तेवढाच एक विषय असा होता की ज्यावर तो आपणहून बोलायचा, टेबलावर बोटांनी केरवा वाजवून दाखवायचा. गुण कमी पडले म्हणून तो वर्ग बंद झाला की आमच्या भेटीही मुक्या होत. संस्थेने शिक्षा फक्त मुलाला दिली असे समजू नये. आणि एक विनंती आहे, की मुलांची चित्रे त्यांना न विचारता पालकांच्या हातात देऊ नयेत. त्याने ती कोणाला दाखवायची हे त्याला ठरवू द्यावे.

प्रतिसाद: कलाशिक्षक (नेरूळ)

कशापासून सुरुवात करावी, या आपल्या प्रश्नावर सविस्तर लिहितो, कारण नेमका याच प्रकारच्या शाळेत या विषयाचा पाया घातला गेला आहे. एडिथ क्रेमर या व्हिएन्नात जन्मलेल्या चित्रकर्तीने नाझींपासून निसटून १९३८ मध्ये न्यूयॉर्क गाठले आणि १९५० च्या दशकात विल्टविक या निवासी शाळेत अडचणीत सापडलेल्या मुलग्यांबरोबर अनेक वर्षे चित्रकलेचे वर्ग घेतले. कलोपचाराच्या, म्हणजे कलेच्या माध्यमातून मनावर उपचार करण्याच्या, क्षेत्रात त्यांचे नाव आजही घेतले जाते ते तिथल्या कामामुळे. त्यांची भूमिका अशी होती, की मुलाला बरे करणारी शक्ती घडवण्याच्या प्रक्रियेतच असते. मुलाचा राग, भीती, हाव या सगळ्याला मातीत किंवा रंगात आकार देता आला, तर तोच राग निराळ्या कामाला लागतो. हे मान्य केले तर अधीक्षकांच्या युक्तिवादाला उत्तर आपोआप मिळते. ज्या आठवड्यात मुलाचा राग अनावर होता, त्याच आठवड्यात त्या रागाला वाट देणारी जागा आपण त्याच्यासाठी बंद करत आहोत.

क्रेमर यांनी शिक्षकाच्या कामाला तिसरा हात असे म्हटले होते. मुलाचे दोन हात काम करत असतात आणि शिक्षकाचा हात फक्त तेथे मदत करतो जेथे काम कोसळणार असते. तो आपली शैली, आपली आवड, आपला अर्थ मुलाच्या कामावर लादत नाही. मातीच्या घोड्याचे पाय वाकू लागले, तर आतून काडीचा आधार कसा द्यायचा ते दाखवावे, घोडा मात्र त्याचाच राहू द्यावा. या मुलांच्या वाट्याला अपयश इतके आलेले असते की तंत्राच्या अज्ञानामुळे येणारे अपयश तरी आपण टाळले पाहिजे. म्हणून माती नीट मळलेली असावी, कागद जाड असावा, कुंचल्याचे केस गळणारे नसावेत. स्वस्त साहित्याने झालेला बिघाड मुलगा साहित्याच्या नावे लिहीत नाही, तो स्वतःच्या नावे लिहितो.

“मला चित्र येत नाही” हे वाक्य या वयात बहुतेक सर्व मुले म्हणतात, चांगल्या घरातली आणि चांगल्या शाळेतलीही. कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी मुलांच्या चित्रविकासाचे जे टप्पे मांडले, त्यांत साधारण बारा वर्षांनंतर मूल स्वतःच्या चित्राकडे टीकाकाराच्या नजरेने पाहू लागते आणि हुबेहूब जमत नाही म्हणून सोडून देते, असे दाखवले आहे. त्यामुळे पहिल्याच वर्गात कोरा कागद पुढे ठेवून “मनाला येईल ते काढा” असे सांगणे ही त्यांच्यासाठी सर्वांत अवघड परीक्षा ठरते. जेथे हुबेहूबपणाचा प्रश्नच येत नाही, तेथून सुरुवात करावी. भेंडीचे आणि बटाट्याचे ठसे, पानांवर रंग लावून घेतलेले छाप, जुन्या वर्तमानपत्रांचे फाडून केलेले चिकटकाम आणि मुख्य म्हणजे माती. मातीत चूक पुसावी लागत नाही, ती पुन्हा मळता येते. तिला थापटता, आपटता, पिळता येते आणि त्याबद्दल कोणी रागावत नाही. अपुरे राहिलेले काम ओल्या फडक्यात आणि वरून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवल्यास बरेच दिवस ओलसर राहते. त्यावर प्रत्येक मुलाचे नाव लावून एक फळी त्यासाठीच राखून ठेवावी. माझे काम माझ्या परत येण्याची वाट पाहत आहे, हे मुलाला रोज येता-जाता दिसले पाहिजे.

आपल्या भागात वारली चित्रकलेचा मार्गही जवळचा आहे. गेरूची पार्श्वभूमी, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि वर्तुळ, त्रिकोण, चौकोन एवढ्यावर उभे राहणारे हे चित्रविश्व “येत नाही” म्हणणाऱ्या मुलालाही आत येऊ देते. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्याबद्दल असे सांगितले जाते, की लहानपणी आईच्या मृत्यूचा धक्का बसून त्यांनी बोलणेच सोडले होते आणि ते धुळीत चित्रे काढूनच आपले म्हणणे सांगत. पुढे २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ही हकिगत मुलांना जरूर सांगावी. परंतु वारली चित्रे म्हणजे नक्षीचा साचा, असे शिकवू नये. लग्नाचा चौक, तारपा नाच, शेती, देवता यांचा अर्थ ज्यांच्या जगण्यात आहे, तो समाज आपल्याच शेजारच्या तालुक्यांत राहतो. आपल्या संस्थेत जव्हार, मोखाडा किंवा डहाणूकडचा एखादा मुलगा असेल आणि त्याची इच्छा असेल, तर त्याने शिकवावे आणि आपण त्याच्याकडून शिकावे.

परीक्षांचाही विचार करावा. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांच्या आधारे दहावीला वाढीव गुण मिळतात. सर्वांना परीक्षेला बसवू नये, पण ज्या दोघा-चौघांना रेखाटनाची ओढ आहे, त्यांना ही संधी द्यावीच. संस्थेच्या भिंतीबाहेर सर्व शाळांतल्या मुलांच्या बरोबरीने मिळालेली श्रेणी या मुलांसाठी मोठी गोष्ट असते. गुणांच्या वहीशी तिचा काहीही संबंध ठेवू नये.

प्रदर्शनाबद्दल समुपदेशक सरांशी मी सहमत आहे, तरीही सहीबद्दल एक मुद्दा आहे. क्रेमर यांच्या गुरू फ्रीडल डिकर-ब्रँडाइस यांनी नाझींनी ज्यूंना डांबून ठेवलेल्या तेरेझीनच्या बंदिस्त वस्तीत १९४२ ते १९४४ या काळात मुलांना चित्रकला शिकवली आणि प्रत्येकाने चित्रावर स्वतःचे नाव लिहावे असा त्यांचा आग्रह असे. सुमारे साडेचार हजार चित्रे मागे राहिली, त्यांतली बहुतेक नावांसह. आपल्या मुलांनीही कामावर नाव लिहावे, फक्त ते कागदाच्या मागच्या बाजूला असावे. बाहेरच्या लोकांपुढे काम गेलेच, तर पुढची बाजू जाईल, आणि नाव मुलापाशी राहील.

प्रतिसाद: रंगकर्मी (कळवा)

प्रेक्षकांच्या बाबतीत मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. चित्र कपाटात राहिले तरी ते चित्रच असते, नाटकाला मात्र समोर कोणीतरी बसलेले लागते. आपल्या ठाण्यात ज्येष्ठ नाटककार रत्नाकर मतकरी यांच्या कल्पनेतून आणि समता विचार प्रसारक संस्थेच्या प्रयत्नांतून वंचितांचा रंगमंच उभा राहिला आणि लोकवस्त्यांतली मुले आपल्याच विषयांवर नाटिका रचून सादर करू लागली. स्वतः निवडलेला विषय शेकडो लोकांपुढे मांडण्याने मुलांच्या उभे राहण्यात काय फरक पडतो, हे ज्यांनी ते प्रयोग पाहिले त्यांना ठाऊक आहे. सोव्हिएत शिक्षणतज्ज्ञ मकारेंको यांनी १९२० मध्ये युक्रेनमधल्या पोल्टाव्हाजवळ रस्त्यावरच्या आणि गुन्ह्यांत सापडलेल्या मुलांसाठी जी वसाहत सुरू केली, तेथेही मुले नाटके बसवत आणि आसपासच्या खेड्यांतले लोक ती पाहायला येत. त्यामुळे प्रेक्षक नकोच असे न म्हणता प्रेक्षक कोण, हे ठरवावे. संस्थेतली इतर मुले, काळजीवाहक, स्वयंपाकघरातल्या मावशी, शिक्षक आणि मुलांनी ज्यांना बोलवायचे ठरवले ते पालक, एवढे पुरेसे आहेत. मोबाइल दाराशी जमा करावेत. देणगीदारांना दाखवण्यासाठी प्रयोग केला की मुलांना आपली गरिबी आणि आपले दुःख मांडावे लागते, आणि ते त्यांच्याकडून कोणी मागू नये.

याच कारणाने मुलांना स्वतःचीच कहाणी रंगमंचावर मांडायला लावू नये. दारुड्या बापाचा मार खाल्लेल्या मुलाला त्याच प्रसंगात पुन्हा उभे करून टाळ्या मिळवणे सोपे असते, पण प्रयोग संपल्यावर रात्री त्याच्याजवळ कोण असणार आहे? त्याला राजा करू द्यावे, वाघ करू द्यावे, रेल्वेचा तिकीट तपासनीस करू द्यावे. भूमिकेच्या आडून तो त्याला हवे तेवढेच सांगेल. ज्यांना रंगमंचावर यायचे नाही त्यांच्यासाठी प्रकाश, पडदा, नेपथ्य आणि ताल आहे. हलगी, ढोलकी आणि लेझीम यांची मोठी सोय म्हणजे एकट्याची चूक समूहात सामावली जाते आणि थांबायचे कधी, हे प्रत्येकाला दुसऱ्याकडे पाहूनच कळते. रागावर व्याख्यान देण्यापेक्षा एकत्र वाजवताना सम गाठण्याचा सराव मला जास्त परिणामकारक वाटतो. काही मुले मोबाइलवर ऐकून मराठीत रॅप रचतात. त्यांचे शब्द ऐकून दचकू नये, लिहू द्यावे आणि मग त्यांच्याबरोबर बसून यमके तपासावीत.

प्रतिसाद: रंगपेटी (नौपाडा, ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. अधीक्षकांपुढे एक पानाचा प्रस्ताव ठेवण्याचे ठरवले आहे. कलेचा वर्ग सवलतींच्या यादीतून काढून शाळेच्या वेळापत्रकात घालावा, वर्गात घडलेल्या प्रसंगासाठी फक्त त्या दिवसापुरते बाहेर नेता यावे आणि दर वर्गाला एका काळजीवाहकाची नेमणूक कामात सहभागी म्हणून करावी, असे तीन मुद्दे त्यात असतील. समुपदेशक सरांनी सुचवल्याप्रमाणे जुन्या नोंदी चाळल्या, आणि काही मुलांच्या बाबतीत वर्गातले चांगले दिवस व त्यामागोमागची भांडणे खरोखरच जवळजवळ आढळली. तो तक्ताही नावांशिवाय जोडणार आहे. प्रदर्शनाऐवजी आवारातच दोन दिवस काम मांडावे आणि फेसबुकवर फक्त भेंडीच्या ठशांचे नमुने द्यावेत, असे सुचवीन. हा प्रस्ताव आधी कोणापुढे ठेवावा, एकट्या अधीक्षकांपुढे की व्यवस्थापन समितीपुढे, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद: निवृत्त अधीक्षक (पाचपाखाडी, ठाणे)

अधीक्षकांना प्रथम एकांतात दाखवावा, समितीत अचानक मांडून त्यांना अडचणीत आणू नये. त्यानंतर व्यवस्थापन समितीची मासिक बैठक येण्याआधी तो मुलांच्या समितीपुढे जाऊ द्यावा. नियमांनुसार प्रत्येक संस्थेत मुलांची समिती असावी लागते, आणि बऱ्याच ठिकाणी ती कागदावरच असते. तुमच्याकडे तशी स्थिती असेल, तर हा विषय तिच्या पहिल्या खऱ्या बैठकीचा विषय करावा. वर्गात उगाच गोंधळ घालणाऱ्याचे काय करायचे, हे मुलांना विचारावे. मोठ्यांना सुचणार नाहीत असे नियम ती स्वतः सुचवतात आणि ते पुष्कळदा आपल्यापेक्षा कडक असतात, तेव्हा ते थोडे सौम्य करून घेण्याची तयारी ठेवावी. बैठकीचे इतिवृत्त मुलांच्याच अक्षरात लिहून घ्यावे आणि प्रस्तावाला जोडावे. तुमच्या तक्त्याइतकेच समितीतले सदस्य तेही वाचतील.